प्लगला हात लावाल तर याद राखा!

भुतांच्या त्या खेळात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी माझ्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंय, न्हाव्याला सांगितलंय, दाढ काढून घेताना तोंडात कापूस होता तरी सांगितलंय. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी इथेच थांबावं. पुढे माझं डोकं आणखी फिरणार आहे.

बस स्टँडजवळचं खेळांचं दुकान बंद पडलं, तेव्हा तिथलं कपाटाएवढं जुनं मशीन मी घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत माझ्या आरामखुर्चीसमोर उभं केलं.

बायको म्हणाली, "अहो, जेवणाच्या टेबलाला जागा नाही म्हणता, आणि या धुडाला आहे?"

"जेवण मांडीवर ताट घेऊनही होतं! हे मांडीवर घेऊन खेळता येईल का?"

तिनं उत्तर राखून ठेवलं, हे मला नंतर कळलं.

खेळ एकदम सोपा. आपण म्हणजे एक पिवळा गोळा, त्याला हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं तोंड. बोळाबोळांतून पळायचं, वाटेतले सगळे ठिपके गिळायचे. मागे चार भुतं. लाल भूत सरळ पाठीला लागतं, बायकोसारखं. गुलाबी पाठीला लागत नाही, पुढच्या वळणावर आधीच जाऊन उभं राहतं, सासूबाईंसारखं. आकाशी काय करेल ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. आणि नारिंगी मोठ्या आवेशात अंगावर येतं, जवळ पोचलं की शेपूट घालतं. ते माझ्या मेहुण्याकडे बघूनच बनवलं असणार! कोपऱ्यात मोठे ठिपके असतात. त्यातला एक गिळला की भुतांची भीतीनं गाळण उडते आणि घटकाभर आपण त्यांना खायचं! अख्ख्या संसारात असा ठिपका मला एकदाही सापडलेला नाही.

मशीनला खोड एकच. प्लग निघाला की त्याची स्मरणशक्ती जाते. सगळ्यात वरच्या गुणांपुढे तीन इंग्रजी अक्षरांत नाव लिहिता येतं. मी लिहिलं होतं बी, ओ, एस. बॉस! दुसरा एस मावत नव्हता. तर त्या नारिंगी मेहुण्यानं मोबाइल चार्ज करायला प्लग उपटला आणि बॉस साफ! मी भिंतीवर पाटी लावली: 'प्लगला हात लावाल तर याद राखा!' शिवाय खोलीच्या मधून लांब वायर ओढून प्लग पार पलीकडच्या भिंतीत नेला.

"या वायरला कुणीतरी अडखळेल," बायको म्हणाली.

"आंधळा असेल तो!"

पुन्हा खेळून बॉसला मी गादीवर बसवलं. मग सासूबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन, आठ दिवस विश्रांती, डोळ्यांवर काळा चष्मा. मी दुकानातून यायचो तेव्हा त्या फडकं घेऊन मशीनची काच पुसत असायच्या. मला कौतुक वाटायचं! एका संध्याकाळी बघतो तर बॉस दुसऱ्या नंबरावर. वर ए, ए, आय.

मी मेहुण्याची कॉलर धरली. "तुझंच काम! मला डिवचायला आईचं नाव लिहितोस?"

"दाजी, शपथ! मला तर पहिल्याच बोळात खातात!"

"त्याला सोडा," आतून बायको ओरडली. "आईच खेळते. दुपारभर."

"त्यांना दिसतं कुठे?"

"भुतं दिसतात, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "ठळक आहेत."

माझ्या टाळक्यात असा जाळ झाला की त्यावर पाणी उकळलं असतं. "रविवारी दुपारी जेवण वाढेपर्यंत ज्याचं नाव वर, त्याच्या शब्दानं या खोलीतलं सामान ठरेल! काय राहील, काय जाईल, सगळं!"

"सगळं?" बायकोनं विचारलं.

"सगळं!"

रविवारी मी उभा राहिलो. मागे खुर्चीवर सासूबाई, माझ्याच आरामखुर्चीवर! खेळ रंगला. मधोमध फळ उगवलं.

"फळामागे जाऊ नका, जावईबापू. गुलाबी वाट बघतंय."

"मला शिकवू नका!" मी फळामागे गेलो. गुलाबी वाट बघतच होतं. तीनपैकी एक जीव गेला.

"दाजी, डावीकडे!"

"तू गप रे, नारिंगी!"

"मी नारिंगी?"

दुसरा जीव गेला. शेवटच्या जिवावर मी दात ओठ खात पळत सुटलो. डाव्या बोगद्यातून बाहेर, उजवीकडून आत, मोठा ठिपका, लाल भूत गिळलं, गुलाबी गिळलं! अंगठ्याला फोड आला, पण आकडा सासूबाईंच्या पुढे गेला! त्यानंतर आकाशीनं मला खाल्लं, खाऊ दे! मी बी, ओ, एस अशी ठोकून अक्षरं लिहिली आणि "कोण बॉस? कोण बॉस?" असं ओरडत खोलीभर नाचलो.

नाचता नाचता पाय वायरीत गेला.

प्लग उडाला, मी पालथा पडलो, मशीन काळं पडलं.

"आंधळा असेल तो, नाही का?" बायको शांतपणे म्हणाली. तिच्या हातात ताटं होती.

सासूबाई उठल्या. माझ्या अंगावरून पलीकडे गेल्या. प्लग लावला, बटण दाबलं. वर नाव नाही, गुण शून्य. त्यांनी चार ठिपके खाल्ले आणि हात सोडून दिला. भुतांनी निवांत येऊन तिन्ही जीव नेले. मग काळ्या चष्म्यातून एकेक अक्षर निरखत त्यांनी लिहिलं: ए, ए, आय.

"वाढ गं," त्या म्हणाल्या.

"थांबा! माझा डाव!" मी गुडघा धरून किंचाळलो. बायकोनं ताट जमिनीवर आपटलं. वाढलेलं. मुदत संपली!

"न्या मग! फेकून द्या ते मशीन!" मी ओरडलो.

"मशीन कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "ते छान आहे. ही खुर्ची काढा."

आता खुर्चीच्या जागी जेवणाचं टेबल आहे. हे मी तिथेच बसून लिहितोय, पाठ दुखतेय. आठ दिवसांच्या विश्रांतीला आलेल्या सासूबाई अजून इथेच आहेत आणि त्यांचा डाव संपता संपत नाही! प्लग उपटावा असं दिवसातून कितीदा मनात येतं. पण भिंतीवरची माझी पाटी तशीच आहे, आणि तिच्याखाली सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात एक शब्द वाढलाय: 'पायसुद्धा!'