सासूबाईंचा खुबा

हाडांच्या विभागाच्या नव्या प्रमुख डॉक्टरबाईंनी आल्या आल्या जाहीर केलं, "खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी. आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी पेशंट पायावर उभा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जुनंच चालू ठेवलं. बोलून बोलून बाईंचा घसा बसला.

अशात त्यांच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. नेमका खुबाच मोडला.

'आता घरच्याच माणसावर करून दाखवते,' बाईंनी ठरवलं.

पण प्रमुखांच्या सासूबाई म्हटल्यावर सगळ्यांना काळजीचं भरतं आलं. भूलतज्ज्ञ म्हणाले, "एरवी लगेच भूल दिली असती, मॅडम. पण तुमच्या सासूबाई! हृदय तपासून घेऊ." हृदयवाल्यांना हृदय उत्तम वाटलं, पण जबाबदारी नको म्हणून त्यांनी फुप्फुसवाल्यांना बोलावलं. फुप्फुसवाल्यांना छाती स्वच्छ दिसली. इतकी स्वच्छ, की त्यांना शंका आली. त्यात नवऱ्याचा फोन, "अगं, आईला जरा आराम तर पडू दे!"

दुसरा दिवस मावळायला आला. ऑपरेशनसाठी म्हणून सासूबाई सकाळपासून उपाशी.

"सूनबाई, खरं सांग. मी चालले का गं? एवढे डॉक्टर बघायला येतायत ते?"

"नाही हो आई! सगळे घाबरलेत."

"कुणाला?"

"मला."

"मग त्याचा काही उपयोग कर की!"

बाईंनी सगळ्यांना पलंगाभोवती गोळा केलं. "या माझ्या कुणी लागत नाहीत. काल पडलेल्या कुणीतरी आजी आहेत. आता सांगा, ऑपरेशन कशासाठी थांबलंय?"

भूलतज्ज्ञांनी निमूट कागदावर सही केली. थोड्याच वेळात ट्रॉली ऑपरेशनला निघाली.

दुसऱ्या सकाळी सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली आणि थेट शेजारच्या पलंगाशी थांबल्या. "अहो, लोळताय काय? माझा तुमच्यानंतर मोडलाय!" मग पुढच्या पलंगाशी. परिचारिका धावतपळत मागे. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड उभा राहिला. कुणी व्यायामासाठी, कुणी भीतीने.

घरी सोडायच्या दिवशी मेट्रन दबक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, सासूबाईंना अजून दोन दिवस ठेवता येईल का? त्यांच्यामुळे वॉर्डला शिस्त लागलीय."

बाईंनी केसपेपर पाहिला. पेशंट ठणठणीत होता, तासभरही ठेवायचं कारण नव्हतं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर सासूबाई नसल्यापासून शांत झालेलं आपलं स्वयंपाकघर आलं.

"आठवडाभर ठेवा," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "हाडाचा काही भरवसा नसतो."