माळ वाढवली

गर्व करू नये, हा माझा रोजचा पहिला नेम. तरी एवढं सांगायला हरकत नाही, की आमच्या प्रयोगशाळेत वीस मिनिटं अचूक मोजावीत ती मीच! घड्याळ लागत नाही. माळ पुरते. एकशे आठ मणी, दर मण्याला चार ओळींची प्रार्थना, घाई नाही, रेंगाळणं नाही. माळ संपली की वीस मिनिटं संपली. सहा वर्षांत अर्ध्या मिनिटाचा फरक नाही! गजराचं घड्याळ बंद पडलं तेव्हा मॅडम नवीन मागवणार होत्या. मीच हळूच म्हटलं, "असू दे हो, माळ आहे ना."

बाकीचे तीन नेमही सांगून ठेवते, कारण पुढचा घोटाळा त्यांच्याच कृपेनं झाला. माळ हातात असताना बोलायचं नाही. माळ हातात असताना घड्याळ बघायचं नाही. पाहुण्याला ताट वाढून 'निघताय कधी?' विचारल्यासारखं ते! आणि चौथा, खोटं बोलायचं नाही. लिहायचं तर नाहीच.

तर झालं असं, की शहराच्या तलावात निळं-हिरवं शेवाळ माजलं. हे शेवाळ पाण्यात विष सोडतं. पाणी गाळून शुद्ध केल्यावरही ते विष उरतं का, आणि उरलं तर पेशीतला डीएनए तोडतं का, हे आम्ही तपासायचं होतं. नऊ दिवस नळ बंद होते. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, टँकर थांबतो खाली, आणि सासूबाईंचे गुडघे या दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध. चाचणी चांगली आली तर संध्याकाळी नळ सुटणार. नाहीतर आणखी पंधरा दिवस बादल्या!

चाचणी तशी साधी. पेशी त्या त्या पाण्यात ठेवायच्या, मग काचेवर जेलीच्या थरात बसवायच्या, त्यांचं टरफल विरघळवायचं आणि वीस मिनिटं वीज सोडायची. डीएनए धड असेल तर लाडवासारखा गोल राहतो. तुटला असेल तर तुकडे विजेबरोबर वाहतात आणि गोळ्याला धूमकेतूसारखं शेपूट फुटतं. जितकी मोडतोड, तितकं शेपूट लांब. मात्र वीज जास्त वेळ राहिली तर धडधाकट डीएनएलाही शेपूट फुटतं. म्हणून वीस म्हणजे वीस!

त्या दिवशी घरातून निघताना सासूबाईंनी माळेची पिशवी माझ्या हातात दिली. "सूनबाई, तुझी माळ वाढवली गं मी."

आता आमच्याकडे बांगडी काय, माळ काय, कधी 'तुटत' नाही. ती 'वाढवतात'. अभद्र शब्द तोंडी नको म्हणून. मला वाटलं, तुटली बिचारी.

"असू दे, आई. ओवलीत ना परत?"

"ओवली की! चांगली भरगच्च."

मी पिशवी घेतली आणि निघाले.

प्रयोगशाळेत चार काचा तयार होत्या. एक तलावाच्या पाण्याची, एक शुद्ध केलेल्या पाण्याची, एक मुद्दाम विष घातलेली आणि एक आमच्या बाटलीतल्या निर्मळ पाण्याची. कुठली कुठे ते पाकिटात बंद, म्हणजे मोजणाऱ्या मॅडमची नजर आधीच झुकायला नको. मी वीज सुरू केली, पिशवीत हात घातला.

पाणीखात्याचे साहेब सकाळपासून दाराला टेकून होते. "ताई, किती वेळ अजून?"

बोलायचं तर नाही. मी 'थांबा' अशा अर्थानं बोट वर केलं.

"वरच्याच्या हातात?" साहेबांचा चेहरा पडला. "एवढं वाईट आहे?"

मी डोळे मिटले. माळ आज काही केल्या संपेना! मण्यामागून मणी, मण्यामागून मणी. मी स्वतःलाच दटावलं, मन चंचल आहे तुझं, म्हणून जप जड वाटतोय. आणि मुद्दाम जास्त शांतपणे जप केला.

दुपारी मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. "एक नंबर, शेपूट. दोन, शेपूट. तीन... शेपूट! चार, हे तर भलतंच!"

साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. फोन कानाला लावून ते ओरडले, "चारही शेपट्या! नळ सोडू नका! लोकांना कळवा!"

मी पाकीट फोडलं. तीन नंबर म्हणजे आमचं निर्मळ पाणी.

"म्हणजे बाटलीतलं?" मॅडमनी हातातल्या कपाकडे पाहिलं. नळ बंद झाल्यापासून आमचा चहा त्याच पाण्याचा होत होता. कपात पाल पडावी तसा त्यांनी तो लांब सरकवला. "ताई, वीस मिनिटंच दिली होती ना?"

"एक माळ झाली, मॅडम."

"मग झालं तर!" त्या म्हणाल्या आणि डोकं धरून बसल्या.

अर्ध्या तासात सासूबाईंचा फोन. "सूनबाई, पाण्यानं शेपूट फुटतं म्हणे!"

"कोण म्हणालं?"

"खालची शिंपीण. सरकारी निरोपच आलाय म्हणे. ती विचारतेय, विजारींना मागून भोक ठेवायचं का! आणि मी सकाळीच नळात साठलेलं पेलाभर प्यायले गं. मघापासून पाठीत काहीतरी वळवळतंय!"

"आई, शेपूट माणसाला नाही हो. पेशीला फुटतं."

"ही पेशी कोण?"

मी कपाळाला हात लावला.

"बाई बाई, काय दिवस आले! बरं तरी झालं तुझी माळ वाढवली ते. संकटात जप जास्तच हवा."

"वाढवली म्हणजे... तुटली होती ना?"

"तुटेल कशाला? भरल्या घरात काय बोलतेस! वाढवली म्हणजे वाढवली! माझ्या जुन्या माळेचे एक्क्याऐंशी मणी पडून होते, ते तुझ्यात ओवले."

मी पिशवीतून माळ ओढायला लागले. ओढते आहे, ओढते आहे, मारुतीच्या शेपटासारखी येतेच आहे! टेबलावरून उतरून ती साहेबांच्या बुटापर्यंत पोचली.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे शेपूट कुठल्या नंबरचं?"

एकशे एकोणनव्वद मणी. म्हणजे पस्तीस मिनिटं. मी सगळं कबूल केलं. साहेब मटकन बसले, मग उठले आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. राखीव काचा फ्रिजमध्ये ठेवलेल्या होत्या, त्या काढल्या. या वेळी मिनिटं साहेबांनी स्वतः मोजली, मोठ्यांदा, लंगडी घालणाऱ्या पोरासारखी! वीसला वीज बंद.

विषाला शेपूट. तलावाला शेपूट. शुद्ध केलेलं पाणी गोल. निर्मळ पाणी गोल. मॅडमनी चहाचा कप परत जवळ ओढला. साहेब फोनवर "सोडा, सोडा!" म्हणत पळाले.

नोंदवहीत 'चाचणी पुन्हा करण्याचे कारण' असा रकाना असतो. चौथा नेम आठवून मी खरं तेच लिहिलं : 'जप जास्त झाला.' मॅडमनी वाचलं, सही केली आणि नव्या घड्याळाची मागणी त्याच पानाला टाचली.

संध्याकाळी घरी पोचले तर नळ धो-धो वाहत होता आणि सासूबाई भरला पेला घेऊन उभ्या होत्या. पित मात्र नव्हत्या.

"आई, मी स्वतः तपासलंय. शेपूटबिपूट काही नाही."

"तसं तुझ्यावर विश्वास आहे गं माझा." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "आधी तू पी."

मी घटाघटा प्यायले. सासूबाई जरा थांबल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या,

"आता पाठमोरी हो बघू."

झाले पाठमोरी!