गाडी गिअरमध्ये होती का?

धाकट्याने त्या रविवारी फ्रेमवाल्याच्या दुकानासमोर गाडी लावली ती 'दोनच मिनिटं' या विचाराने. माणसाच्या संसारात जे काही बिघडतं, ते बहुधा याच दोन मिनिटांत.

गाडी त्याची नव्हती. थोरल्या भावाची होती. लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकवून बसलेली स्पोर्ट्स कार. थोरला गेला, आणि वहिनीने किल्ली याच्या हातात ठेवली. "भाऊजी, दर रविवारी एक चक्कर मारून आणत जा. ती बंद पडलेली मला बघवणार नाही." (पन्नाशी उलटली तरी घरात, ऑफिसात, गल्लीत सगळे याला धाकटाच म्हणत. आता थोरला उरला नव्हता, तरी हा आपला धाकटाच.)

थोरल्याचा मोठा करून घेतलेला फोटो बगलेत धरून तो दुकानाबाहेर आला, तर थोरल्याची गाडी जागेवर नव्हती. टोइंगवाले उचलून घेऊन गेले होते.

यार्डाच्या खिडकीत एक कारकून चहात बिस्किट बुडवत होता.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"भावाच्या."

"मग त्यांना पाठवा."

"ते येऊ शकत नाहीत."

"सगळे हेच म्हणतात. का येऊ शकत नाहीत?"

धाकट्याने फ्रेमवरचा कागद सोडला आणि फोटो खिडकीसमोर धरला. कारकुनाने फोटोकडे पाहिलं, मग याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बिस्किट चहात पडलं.

"सॉरी हां," तो फोटोलाच म्हणाला, आणि पावती फाडली.

गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण गाडी सुरू करून धाकटा फाटकापाशी पोहोचला, तेव्हा फाटक उघडणारा माणूस काचेशी वाकला.

"पुढची चाकं टांगून आणलीय, मागची जमिनीवर. गिअरमध्ये नव्हती ना?"

धाकट्याने गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. होती का? आता गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, पण ती त्याने स्वतः नुकतीच टाकलेली. त्याआधी कशात होती? दुकानासमोर गाडी लावताना त्याचं लक्ष होतं फोटोत. फोटोत दादा हसतोय की नुसताच बघतोय, हे आठवून बघत होता तो.

थोरल्याच्या नेहमीच्या गॅरेजात जायचं त्याचं धाडस झालं नाही. त्याने कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला गाठलं.

"गिअरमध्ये असताना ओढली असेल तर गिअरबॉक्स गेला असेल," मिस्त्री म्हणाला. "नसेल तर नसेल."

"पण कळणार कसं?"

"गेला की कळेल."

आता धाकट्याची नोकरी पाणीपुरवठा खात्यातली. जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते शोधायचं. त्यासाठी एक लोखंडी काठी असते. तिचं टोक जमिनीवर टेकवायचं, वरच्या वाटीला कान लावायचा आणि ऐकायचं. ही काठी त्याने ऑफिसातून घरी आणली आणि गाडीला लावली.

त्या काठीतून काय काय ऐकू येतं हे ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक! खरवड, घरघर, कण्हणं, मधेच एखादा उसासा. धाकटा बॉनेटला काठी लावी, दाराला लावी, आडवा होऊन पोटाला लावी. जिथे लावी तिथे गाडी दुखत होती.

"अहो, उठा आता," बायको गॅलरीतून म्हणाली. "शेजारीण विचारतेय, गाडीला दिवस गेलेत का म्हणून."

"हळू बोल, मला ऐकू दे."

"माझा गुडघा कधीचा वाजतोय. त्याला नाही कधी काठी लावलीत."

धाकट्याने इंजिन बंद केलं, तरी काठीवरून कान काढला नाही. आता आत काहीच वाजत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त सोसेना. हॉस्पिटलात शेवटी डॉक्टर असेच दादाच्या छातीवर वाकले होते. धाकटा दाराशी उभा होता. तेव्हा जे विचारायचं राहून गेलं, ते तो आता गिअरबॉक्सला विचारत होता. भाऊ तर राखता आला नाही. निदान भावाची गाडी तरी?

बायको खाली आली आणि त्याच्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाली, "जा, वहिनींना सांगून टाका. नाहीतर काठी आता तुम्हाला लावावी लागेल."

तो गाडी घेऊन वहिनीकडे गेला. वहिनी खाली आली, गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. धाकट्याने सगळं एका दमात सांगितलं. दुकान, फोटो, टोइंग, मागची चाकं, गिअर. शेवटी म्हणाला, "वहिनी, माझ्यामुळे तिला काय झालंय ते मला कळत नाही."

वहिनी हसली. थोरला गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अहो भाऊजी, ओढून नेण्याची सवय आहे तिला. तुमच्या दर वाढदिवसाला तुम्ही ती चालवायला न्यायचात ना? दुसऱ्या दिवशी हे तिला टो करून गॅरेजला पाठवायचे. दर वेळी! क्लच तरी जळलेला असायचा, नाहीतर खालून काहीतरी घासलेलं."

"दादा मला कधी बोलला नाही."

"मी म्हणायचे, सांगा की त्यांना. तर हे म्हणायचे, नको, कळलं तर पुढच्या वर्षी मागणार नाही तो."

धाकट्याने मान फिरवली. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "यार्डातून घरी कशी आणलीत?"

"चालवत."

"आणि आज इथवर?"

"चालवतच."

वहिनीने किल्लीसाठी हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने गॅरेजला फोन लावला.

"हो, मीच बोलतेय. टोइंगची गाडी पाठवाल का? ... हो, तीच लाल. ... नाही हो, अपघात वगैरे काही नाही. धाकट्यांनी चालवलीय."

"अरे देवा," पलीकडचा माणूस म्हणाला. "निघालोच."