तक्रारीसाठी चार दाबा

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी कुलपांच्या भावाबद्दल अवाक्षर काढलं नाही, तेव्हाच किल्लीमास्तरांनी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

"आधीच्या कुलूपवाल्याचं काम चांगलं होतं," बाई म्हणाल्या. "फक्त तो फोन उचलत नसे. एकदा माझ्या मुली अख्खी संध्याकाळ जिन्यात बसून होत्या. तुम्ही उचलता का?"

"म्हणजे काय," मास्तर म्हणाले.

"मग असं करा. कोठीच्या खोलीला नमुन्याचं एक कुलूप बसवून द्या. आणि मी तुमच्या दुकानात कधीतरी फोन करीन. केव्हा, ते सांगणार नाही. उचलला, माणूस वेळेवर आला, तर सगळ्या खोल्यांचं काम तुमचं."

मास्तर 'म्हणजे काय' म्हणाले खरे, पण दुकानातला फोन होता किल्ल्या कापायच्या मशीनशेजारी, आणि मशीन सुरू असलं की फोनच काय, शेजारची भिंत पडली तरी ऐकू आली नसती. चौकात नवं मोठं दुकान झालं होतं. तिथलं यंत्र किल्ली आपोआप कापायचं आणि तिथला पोरगेला मॅनेजर मास्तरांना दिसेल तिथे विचारायचा, "काका, येताय का आमच्याकडे कामाला?" वसतिगृहाचं काम हातचं गेलं असतं, तर मास्तरांना खरंच जावं लागलं असतं. या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

अखेर मेव्हणी धावून आली. ती एका छोट्या कचेरीत हिशेब पाहायची आणि तिथले सगळे फोन तिनेच लावले होते.

"भाऊजी, इंटरनेटचा फोन घ्या. नंबर दुकानाचा एकच, पण वाजेल तुमच्या आणि ताईच्या मोबाइलवर. महिन्याचा खर्च म्हणाल तर चार किल्ल्यांची मजुरी."

"चोर शिरला तर?"

"फोनमध्ये कुठून चोर शिरायला?"

पण मास्तरांचा जन्म कुलपांत गेलेला. जे सहज उघडतं त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मेव्हणी म्हणाली होती, की हवं तर 'अमुकसाठी एक दाबा' असं ठेवता येतं. झालं, मास्तरांना आयतंच सापडलं. नव्या कुलपासाठी एक, किल्ली हरवली असल्यास दोन, किल्ली असूनही दार उघडत नसल्यास तीन, आणि तक्रारीसाठी चार. पहिले तिन्ही विभाग मास्तरीणबाईंच्या मोबाइलवर वाजणार होते. तक्रार विभाग मास्तरांनी स्वतःकडे घेतला, कारण त्यांच्या कामात तक्रार नसतेच असं त्यांचं मत होतं. सगळी वाक्यं त्यांनी स्वतः, घशातून जड आवाज काढून, रेकॉर्ड केली.

वर नियम केले. गिऱ्हाइकाचं नाव, दार आणि कुलपाचा प्रकार विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. धंद्याच्या वेळेत घरचे फोन घ्यायचे नाहीत.

"आणि तुमचा आला तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मी काय घरचा नाही? नियम म्हणजे नियम."

एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले? दिवसभरात ते दुकानामागच्या बोळात जाऊन आवाज बदलून फोन करायचे. कधी म्हातारे व्हायचे, कधी फौजदार. मास्तरीणबाई वैतागून उत्तरं द्यायच्या आणि मास्तर आत येऊन म्हणायचे, "दाराचा प्रकार विचारायला विसरलीस." चूक कधी त्यांची निघाली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'माझं चुकलं' हे शब्द त्या घरात एकाच माणसाच्या तोंडून ऐकू यायचे आणि तो माणूस मास्तर नव्हते.

मग एका सकाळी मास्तर नमुन्याचं कुलूप घेऊन वसतिगृहात गेले. पहारेकऱ्याने कोठीची खोली दाखवली. आत गाद्या, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. मास्तरांनी मन लावून कुलूप बसवलं. आता फक्त आतली मूठ बसवायची राहिली होती, तेवढ्यात तक्रार विभाग वाजला.

"मास्तर, कुलूप घ्यायचं होतं हो," एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं. "एक दाबलं तर रांगेत उभं केलं. चार दाबल्यावर माणूस भेटला एकदाचा."

मास्तरांनी त्याची समजूत घातली. फोन खिशात टाकला आणि मूठ साफ विसरले.

मास्तरांची एक जुनी खोड होती. कुलूप मिटतानाचा आवाज आतून ऐकल्याशिवाय काम पुरं झालं असं ते मानत नसत. ते आत गेले आणि दार ओढून घेतलं. टक्. आवाज अगदी हवा तसा आला. मास्तर खूश झाले आणि सवयीने मुठीकडे हात नेला. तिथे नुसतं भोक होतं. मूठ बाहेर, हत्यारांची पिशवी बाहेर, किल्ली बाहेर कुलपालाच लटकलेली.

हाक मारावी तर रेक्टरबाईंची खोली समोरच. कुलूपवाला स्वतःच्याच कुलपात अडकला हे कळल्यावर काम कोण देणार? त्यांनी हळूच बायकोचा मोबाइल लावला. तो कट झाला आणि संदेश आला, 'धंद्याच्या वेळेत घरचे फोन घेतले जात नाहीत.' शब्द त्यांचेच होते.

मग त्यांनी दुकानाचा नंबर लावला.

"नमस्कार," त्यांचाच जड आवाज म्हणाला, "नव्या कुलपासाठी एक दाबा."

मास्तर विचारात पडले. किल्ली हरवली नव्हती, ती तिकडे लटकत होती. पण जवळही नव्हती. मनाचा हिय्या करून त्यांनी तीन दाबलं. "आपण रांगेत दुसरे आहात," त्यांनीच त्यांना सांगितलं. थोडा वेळ थांबून त्यांनी कट केलं, पुन्हा लावलं आणि चार दाबलं. "तक्रार विभागातील अधिकारी दुसऱ्या तक्रारीत गुंतले आहेत. कृपया धीर धरा."

मास्तर गादीवर बसले. पुन्हा तीन दाबलं. या वेळी फोन उचलला गेला.

"नमस्कार. आपलं नाव?"

"अगं, मी बोलतोय."

"मी हे नाव झालं का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आज आवाज नाही बदललात?"

"ही परीक्षा नाही. मी खरंच अडकलोय."

"कालचा फौजदारही खरंच अडकला होता. दार लाकडी की लोखंडी?"

"लाकडी."

"आपण दाराच्या आत की बाहेर?"

"आत," मास्तर दातओठ खात म्हणाले.

"कुलूप बसवलं कुणी?"

"... मी."

"मग बसवणाऱ्याला बोलवा ना. त्यांना कामाची फार जाण आहे म्हणतात."

वसतिगृह, चौकातला मॅनेजर, सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढे आलं. नियम त्यांनीच केले होते आणि लांडगा आला रे आला तेही तेच ओरडले होते. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अगं, माझं चुकलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगंबाई, खरंच अडकलात की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुठे आहात? आलेच."

त्या दुकान शेजारणीवर सोपवून रिक्षाने आल्या. पावलं वाजली, किल्ली फिरली आणि दार उघडलं. पण दारात मास्तरीणबाई एकट्या नव्हत्या. शेजारी रेक्टरबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात वाचायचा चष्मा.

"तुम्ही केव्हापासून इथे?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"तुम्ही पहिला फोन लावलात तेव्हापासून. किल्ली समोरच होती, उघडणारच होते. मग म्हटलं, मला फोन करायचाच आहे, तो तुम्हीच करताय. बघू या, येतंय का कुणी."

मास्तर गाद्यांमधून वाट काढत बाहेर आले.

"आल्या," रेक्टरबाई म्हणाल्या. "चौकशी चोख केली आणि माझ्या मुली अडकल्या असत्या, तर त्या रडायच्या आत या पोचल्या असत्या. काम तुमचं. पण मुलींना ते एक, दोन, तीन नको. फोन यांनीच उचलायचा, लगेच."

घरी येताना मास्तर रिक्षात हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मास्तरीणबाई बाहेर बघून हसत होत्या. त्या संध्याकाळी मेव्हणी येऊन बराच वेळ मास्तरीणबाईंशी कुजबुजून गेली.

काही दिवसांनी वसतिगृहातल्या वरच्या मजल्यावर काम करताना मास्तरांना राहवेना. त्यांनी दुकानाचा नंबर लावला. जड आवाज गेला होता. मास्तरीणबाई बोलत होत्या, रोजच्या आवाजात.

"नमस्कार. जरा थांबा, मी फोन उचलतेच आहे. मालक कुठे आत अडकले असतील, तर त्यांनी शून्य दाबावं."

मास्तरांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. मूठ बसवलेली होती, दार सताड उघडं होतं. तरी त्यांनी शून्य दाबलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बोला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आज काय चुकलं?"