बाबांची खुर्ची किनाऱ्यावर नेताना

समुद्रकिनारा सगळ्यांचा असतो, तिथे जायला कोणाच्या बापाला विचारावं लागत नाही, असं लेकीने आईला बसमध्येच ठणकावून सांगितलं. लेक ग्रंथालयात नोकरीला. छत्री घ्यायची झाली तरी आधी छत्र्यांवर दोन पुस्तकं वाचणारी. किनाऱ्यांवरच्या पुस्तकांचा तर तिने फडशाच पाडला होता. कुठल्या शहरात ट्राम थेट वाळूपर्यंत जाते, कुठे वाळूत बसायचंही भाडं पडतं, कुठे इमारतींची सावली दुपारीच पाण्यात उतरते, सगळं तोंडपाठ.

"आणि आपल्याकडे?" आईने विचारलं.

"आपल्याकडे मुळी कोणी अडवतच नाही."

आईच्या मांडीवर बाबांची निळ्या पट्ट्यांची घडीची खुर्ची होती. बाबा दर रविवारी ती बगलेत मारून समुद्रावर आपल्या ठरलेल्या खडकापाशी जायचे आणि दर रविवारी ती त्यांना घेऊन कोसळायची. वाळूत उताणे पडल्या पडल्या ते शांतपणे म्हणायचे, खुर्ची ठीक आहे, वाळू सरकली. बाबा गेले तेव्हापासून आई घराबाहेर पडली नव्हती, की त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. काल मात्र अचानक म्हणाली, ही खुर्ची एकदा त्यांच्या जागेवर नेऊन ठेवू या. तिचं मन बदलायच्या आत लेकीने तिला बसमध्ये बसवलं होतं.

समुद्र जागेवर होता. वासावरून कळत होतं. पण त्याच्याकडे जाणारी गल्ली गायब! तिथे आता एक हॉटेल उभं होतं, समुद्राला पाठीशी लपवून. लेकीने दरवानाला कायदा ऐकवायला सुरुवात केली. दरवान भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परिषदेला आलात होय? आत डावीकडे."

आत टेबलामागच्या मुलीने दोघींच्या गळ्यात बिल्ले अडकवले. लेक नाही नाही म्हणेपर्यंत एका कर्मचाऱ्याने खुर्ची काढून घेतली. मंचाच्या सजावटीसाठी तो कधीचा तिचीच वाट बघत होता म्हणे. पाहतात तो काय, बाबांची खुर्ची मंचावर, कागदी शिंपल्यांच्या मधोमध!

परिषदेचा विषय होता, महानगरांतले किनारे आणि सामान्य माणूस. खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले होते, कारण बाहेरच्या समुद्राच्या उजेडात भिंतीवरचा समुद्र नीट दिसत नव्हता. एक सुटाबुटातले तज्ज्ञ शहरांमागून शहरं दाखवत होते. आणि लेक, सांगायलाही लाज वाटते, चक्क रमली. ट्रामचं शहर आलं तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखी तिने मान डोलावली.

तेवढ्यात आई उभी राहिली. प्रश्न असणार म्हणून कोणीतरी तिच्या हातात माइक दिला.

"समुद्राकडे जायचं दार कुठलं?" आईने विचारलं.

टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्ष म्हणाले, सगळ्या परिषदेचा गाभा या एका प्रश्नात आला.

"हो, पण कुठलं?" आई म्हणाली. टाळ्या दुप्पट झाल्या.

तज्ज्ञ तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. "खरं सांगू का," ते ओशाळून म्हणाले, "मी कालपासून इथे आहे, पण मलाही अजून समुद्र दिसलेला नाही."

"ती खुर्ची माझ्या मिस्टरांची आहे," आई म्हणाली. "ते आता नाहीत."

यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तज्ज्ञांनी शिंपले बाजूला केले, खुर्ची उचलली आणि मंचामागचा पडदा सारला. मागे काचेचं दार होतं. त्याला साधी कडी होती.

बाबांचा खडक सापडला. शेजारी खुर्ची मांडली, रिकामी. या क्षणासाठी लेकीने मनाशी चार वाक्यं जुळवून आणली होती. ती घसा साफ करत होती, तोच तज्ज्ञांच्या बुटात वाळू गेली आणि बूट काढायला म्हणून ते सहज खुर्चीत टेकले.

पाय आभाळाकडे, सूट वाळूत. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खुर्चीचा काही दोष नाही," तज्ज्ञ पडल्या पडल्या घाईने म्हणाले. "वाळू सरकली बहुतेक."

आईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. लेकीला वाटलं, आता हिचा बांध फुटला. फुटला होता खराच. पण आई पोट धरून हसत होती. "अगदी हेच म्हणायचे गं! अगदी हेच!" मग ती बोलतच सुटली. पाहुण्यांदेखत ते कसे पडले, हातातल्या चहासकट कसे पडले, एकदा तर उठून पुन्हा कसे तसेच पडले. तज्ज्ञ वाळूतच मांडी घालून ऐकत राहिले. लेकीची चार वाक्यं तिच्यापाशीच राहिली.

"मुळात माणसाला बसता यायला हवं," शेवटी डोळे पुसत आई म्हणाली. "व्हा बाजूला."

बाबांच्या खुर्चीत ती आयुष्यात पहिल्यांदा बसली. पाठ टेकली. समुद्राकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं, आहे काय त्यात, अशा नजरेने.

खुर्चीचा मागचा पाय हळूच आत गेला.

लेक धावली. आईने वाळूतूनच हात वर करून तिला थांबवलं.

"खुर्ची ठीक आहे," ती म्हणाली.