देसले सरांची दोरी

आमच्या सोसायटीत माणसांचे दोनच प्रकार आहेत : अवतरंग आणि अनुतरंग. ही विभागणी ए विंगमधल्या देसले सरांची. दोरी झटकली की लाट पुढे पळते, दोरी मात्र जागच्या जागी वर-खाली होते, तो अवतरंग. आवाज हवेला पुढे-मागे ढकलत जातो, तो अनुतरंग. चेअरमन शहाभाई अनुतरंग, कारण समोरच्याला ढकलल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. माझी बायको अवतरंग. तिचा पारा वर-खाली होतो, पण ती मुद्द्यावरून हलत नाही. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

सरांनी भाईंदरच्या शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि ते निवृत्त झाले ते फक्त शाळेतून. लिफ्ट बंद असल्याची कुणी तक्रार केली की ते शांतपणे विचारतात, "पुढे काय गेलं?" मग तेच सांगतात, "ऊर्जा गेली. वस्तू जागेवरच." आणि खरंच, तक्रार पार शहाभाईंपर्यंत जाते, लिफ्ट जागेवरच असते.

एकदा सोसायटीची सहल उत्तनच्या किनाऱ्यावर गेली होती. आम्ही भेळ खात होतो आणि सर पाण्यातल्या एका नारळाकडे बोट दाखवून समजावत होते, की बघा, लाटा येतायत, नारळ कुठे येतोय? तेवढ्यात नारळ गडगडत त्यांच्या पायाशी आला. किनाऱ्याजवळ लाट फुटते, तिथे नियम बदलतात, असं म्हणून सरांनी नारळ पिशवीत टाकला.

सरांच्या गॅलरीपासून समोरच्या बी विंगमध्ये बस्त्यावकाकांच्या गॅलरीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. काका मूळचे उत्तनचे. बोटीच्या इंजिनाशेजारी उमर काढून कानांनी ठार बहिरे झालेले. फोन वाजला तरी त्यांना पत्ता नसे. संध्याकाळी सर दोरीला झटका देत, लाट काकांच्या हातातल्या टोकाशी पोचे, काका उलट झटका देत आणि चहाला येत. "चाय हाय का न्हाय, मास्तर?" हे जिन्यातूनच सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाई.

गेल्या नाताळाआधी काका गेले. मुलगा दुबईला असतो. घराची चावी त्याने माझ्याकडे दिली, मी शेजारी आणि सेक्रेटरी म्हणून. दोरीचं टोक ग्रिलला बांधलेलं राहिलं. तरी सर रोज संध्याकाळी झटका देतच होते. न राहवून मी एकदा विचारलं.

"बांधलेल्या टोकावर आपटून लाट परत येते," ते म्हणाले. "उलटी होऊन येते, आणि आपलीच असते. दोरी कुणी हातात धरली असेल तर लाट तिथेच मुरते. मग जी येते, ती त्याची." मग म्हणाले, "आपली तर आपली. येते तरी."

यंदा बिल्डिंगला रंग द्यायचं निघालं. शहाभाईंनी सभेत फर्मान काढलं, "सर, रस्सी निकालनी पडेगी. कलरवाले का झूला अटकेगा." सर तरंगांबद्दल काहीतरी बोलायला उठले, लोक हसले, ते खाली बसले. त्यांना असं मधेच बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण दोरी काढायचं काम माझ्यावरच आलं.

संध्याकाळी काकांचं घर उघडून मी गॅलरीत गेलो आणि ग्रिलची गाठ सोडली. समोर सर उभे होते. मला बघूनही त्यांनी एक झटका दिला, शेवटचा असावा तसा. लाट आली आणि माझ्या मुठीत मुरली.

मी उलट झटका दिला.

लाट सरांपर्यंत गेली. एरवी जांभई आली तरी तिचं कारण सांगणाऱ्या सरांनी या वेळी फक्त चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

मी शहाभाईंना फोन करून सांगितलं, की रंगाच्या दिवसांत दोरी गुंडाळून ठेवतो, नंतर हे टोक माझ्या गॅलरीत येणार. ते ढकलाढकली करायला लागले, पण मी हललो नाही. फोन ठेवून समोर पाहिलं, तर सर हातवारे करून विचारत होते, चहात साखर किती?