देव्हाऱ्यातला लाल दिवा

नव्या ओट्याचा नळ नेमका विजेच्या बोर्डाखाली येत होता. बोर्ड हॉलच्या भिंतीवर न्यायचा आणि त्यासाठी दोन तास मेन स्विच बंद ठेवायचा, एवढंच काम. पण सिउ गाइकबाई देव्हाऱ्यातल्या विजेच्या लाल दिव्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"हा दिवा तीस वर्षांत विझलेला नाही. अख्ख्या पेनांगात असा दुसरा दाखव! आणि तू नळासाठी विझवतोस?"

"आई, दोनच तास," मुलगा बून लियांग काकुळतीला आला.

"तुझे बाबा वायरमन होते. त्यांनी मरेपर्यंत विझू दिला नाही!"

"मग शेजारच्या उईकाकांकडून वायर घेऊ?"

बाई ताडकन उठल्या. "त्या माणसाकडून? त्याच्या रंबुटानच्या झाडाची पानं माझ्या वाळत घातलेल्या माशांवर पडतात! नऊ वर्षं बोलले नाही मी त्याच्याशी. त्याची वीज माझ्या देवाला? त्यापेक्षा अंधार परवडला!"

ही परवानगीच समजून कामाला आलेल्या सेल्वम वायरमनने मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. दिवा मात्र लालभडक जळत राहिला.

"बघा!" बाई गरजल्या. "याला म्हणतात भक्ती!"

सेल्वमला भक्तीपेक्षा शॉकची काळजी जास्त. त्याने वायरीचा माग काढला. ती देव्हाऱ्यामागून थेट उईंच्या भिंतीत शिरत होती.

बाई तणतणत उईंच्या दारात. "माझ्या देवाला तुमची वीज? कुणाला विचारून?"

"तुमच्याच मालकांनी जोडली, वहिनी, तीस वर्षांपूर्वी," उई म्हणाले. "तुम्ही किटली आणि इस्त्री एकदम लावायच्या. फ्यूज उडायचा, दिवा विझायचा, की तुम्ही त्याच्यावर तुटून पडायच्या. बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, दिव्यापुरती वीज दे, पण हिला कळू देऊ नकोस."

"आणि आपलं भांडण झाल्यावर? तेव्हा का नाही तोडली?"

"भांडण तुमच्याशी होतं. देवानं काय केलं होतं?"

बाई घरी परतल्या.

"मावशी, ही वायर काढून नव्या बोर्डावर घेऊ ना?" सेल्वमने विचारलं.

"खबरदार हात लावशील तर!" बाईंनी अंगणाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज पुन्हा चढला. "बून लियांग! झाडाखाली मासे कोण वाळत घालतं रे? झाडाची पानं पडायचीच! ने ते मागच्या दारी."